नऊ मार्चचे बाक

नऊ मार्चची माणसं सकाळी पेपरच्या कचेरीत आली आणि दरवर्षीप्रमाणे आपापल्या बाकांवर बसली. डावीकडच्या बाकावर जन्मलेले, उजवीकडच्या बाकावर वारलेले. जन्मलेले सगळे एक दिवसाचे होते. गणितज्ञ दुपट्यात गुंडाळलेला होता, क्रिकेटपटूची टाळू तेलाने चकाकत होती. वारलेले आपापल्या शेवटच्या वयाचे होते. मधल्या जागेत घटना होत्या. एका कालव्याचं उद्घाटन फीत धरून उभं होतं, एक तह कोपऱ्यात सही वाळण्याची वाट पाहत होता, आणि एक जुना पूर फरशीवर घोट्याइतका साचला होता. शिपाई फडकं घेऊन आला, पुराकडे पाहिलं आणि परत गेला. तो पूर संध्याकाळी आपणच ओसरतो.

दिनविशेषाचं सदर बरीच वर्षं अच्युत रेडकर लिहीत होते. लिहीत होते म्हणजे गेल्या वर्षीचं काढून वार बदलत होते. माणसं तीच असतात. बाकाच्या टोकाला कोणी नवीन आलं तर तेवढं जोडायचं.

"यंदा मला खाली ढकललंत," उजव्या बाकावरची लावणी गायिका म्हणाली. "गेल्या साली मी या इंजिनियरच्या वर होते."

"सनावारी लावलंय, बाई. गेल्या वर्षी चुकलं होतं."

"मेल्यावर कसली सनावारी!"

शेजारच्या इंजिनियरने चष्मा पुसला. तो कधी बोलत नाही.

रेडकरांचं आज कामात लक्ष नव्हतं. त्यांची मुलगी चारुलता पहाटेपासून प्रसूतिगृहात होती. पहिली खेप होती आणि अवघड होती. आतलं पान दुपारीच छपाईला सुटतं. ते सोडून रेडकर तिकडे जाणार होते.

बाकांवरून नजर फिरवताना त्यांना दोन्ही बाकांच्या टोकाला एकेक रुमाल दिसला. एसटीच्या खिडकीतून टाकून जागा धरतात, तसा. पांढरा, हिरव्या क्रोशाच्या किनारीचा. असे रुमाल त्यांच्या बायकोने चारुलतासाठी विणले होते. बायको गेल्यावर तसे कोणी विणले नाहीत.

डावीकडचा रुमाल कोणासाठी, हे त्यांना लगेच कळलं. उजवीकडच्या रुमालापाशी ते जरा वेळ उभे राहिले.

"ही जागा कोणाची?"

"धरलेली आहे," गायिका म्हणाली.

"कोणी धरली?"

"ते नाही बघितलं. आम्ही आलो तेव्हा होताच." तिने रुमालावर हात ठेवला. "गरम आहे अजून."

खिशातला फोन वाजला. जावई होता, विश्राम.

"बाबा, ती अजून आतच आहे. डॉक्टर मघाशी बाहेर आल्या होत्या. काही न बोलता परत गेल्या."

"बरं."

"तुम्ही येताय ना?"

"पान सोडतो आणि निघतो," रेडकर म्हणाले.

पान लावणारे बशीर मुजावर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पुरातून आत आले. "रेडकरसाहेब, खाली साडीवाल्यांची जाहिरात आलीय. आवळायला लागतंय." त्यांनी दाराकडच्या भिंतीला खांदा लावला आणि ती आत ढकलली. कालव्याने फीत गुंडाळली. तहाने स्वतःची घडी घातली. दोघे खिडकीतून बाहेर पडले. पूर मात्र होता तिथेच राहिला आणि जागा कमी झाल्यामुळे पोटरीपर्यंत चढला.

"घटना काढल्या तरी चालतील," बशीर म्हणाले, "पण बाक मला सारखे पाहिजेत. एक बाजू आखूड दिसली की संपादक माझं डोकं खातात. उजवीकडे टोकाला कोण आहे?"

"जागा धरलेली आहे."

"मग भरेल पान सुटेपर्यंत."

रेडकरांनी वारलेल्यांना सरकून ऐसपैस बसायला सांगितलं.

"बसलो असतो," गायिका म्हणाली, "पण आम्ही सनावारी आहोत. तुम्हीच लावलंय."

"बशीरभाई, हा रुमाल उचलला तर?"

"एसटीत आपण उचलतोच की. कोण बघतंय?" बशीर म्हणाले. "पण उचलणाऱ्याने बसायचं. उचलून जागा मोकळी ठेवायची म्हणजे ती भलत्यालाच जाते."

रेडकरांनी रुमाल उचलला. तो खरंच गरम होता. त्यांनी त्याची चौकोनी घडी घातली, ती शर्टाच्या खिशात फोनवर ठेवली आणि ते गायिकेशेजारी बसले. तिने त्यांच्यासाठी कोपर आत घेतलं.

"आता दोन्हीकडे सारखं झालं," बशीर म्हणाले. "साहेब, नावापुढे काय लावू? गायिका, इंजिनियर, असं काहीतरी लागतं."

"राहू दे."

"कोरं सोडता येत नाही. आजोबा लावू?"

"अजून दुजोरा नाही," रेडकर म्हणाले.

"बरं. आला की सांगा." बशीर खिडकीकडच्या भिंतीपाशी गेले. "शेजारी राशिभविष्य वाढलंय. एवढं एकदाच ढकलतो."

भिंत उजव्या बाकाला पाठीमागून लागली आणि बाक समोर सरकू लागला. वारलेल्यांनी पाय पोटाशी घेतले. रेडकरांचे गुडघे डाव्या बाकाला टेकले. समोरच्या बाकावर गणितज्ञ, त्याच्याशेजारी क्रिकेटपटू आणि अगदी टोकाला, रेडकरांच्या गुडघ्यांच्या मध्ये, राहिलेला रुमाल होता. पाणी बाकाच्या फळीपर्यंत आलं आणि थांबलं.

खिशात फोन वाजायला लागला.

"उचला की," गायिका म्हणाली.

"हात निघत नाही."

तिच्या पलीकडच्या इंजिनियरने सरकायचा प्रयत्न केला. त्यालाही जागा नव्हती. फोन घडी घातलेल्या रुमालाखाली वाजत राहिला आणि बंद झाला.

समोरचा रुमाल, खाली कोणी श्वास घेतल्यासारखा, मधोमध किंचित उचलला गेला आणि पुन्हा सपाट झाला.

रेडकर तो दुसऱ्यांदा उचलला जाण्याची वाट पाहू लागले.