अमेरिकेची पंगत ओट्यावर, फ्रान्सची मागच्या अंगणात

दोन राष्ट्रांमधलं जुनं वैर हाताळायला मुत्सद्देगिरी लागते, इतिहासाची जाण लागते आणि थोर मन लागतं. आमच्या गावात यातलं काही नव्हतं, पण किसनराव होते.

किसनरावांनी चाळीस वर्षं वसमत तालुक्यातल्या लग्नांचा मानपान सांभाळला. कोणता सोयरा कोणाशी बोलत नाही, कुणाला टोपी आधी घातली की कोण न जेवता जीप सुरू करतो, सगळं तोंडपाठ. म्हणून मंजुळाबाईंच्या ओट्यावर बैठक बसली तेव्हा मधली जागा त्यांची होती.

प्रश्न मंजुळाबाईंच्या हळदीचा होता. त्यांच्या अकरा बायकांच्या गटाची हळद पहिल्यांदाच परस्पर परदेशी जायची होती. गुरुवारी कंपनीचे दोन पाहुणे येणार, दोघांसमोर दोन किलोचा नमुना सीलबंद होणार आणि तो ते सोबत नेणार. नमुना पास झाला तर माल जाणार. एक पाहुणा अमेरिकन साहेब आणि दुसऱ्या फ्रेंच बोलणाऱ्या मॅडम. गटाचं लिहिणं-वाचणं बघणारा मंजुळाबाईंचा पुतण्या भागवत याने मोबाईलवर जरा माहिती काढली, आणि गाव अडचणीत आलं.

“अमेरिकेतल्या काही लोकांना फ्रेंच लोकं चालत न्हाईत,” तो म्हणाला.

“काहून?” किसनरावांनी विचारलं.

“आधी इंग्रजांशी लढायला फ्रान्सनं अमेरिकेला फौज दिली, जहाजं दिली. मग महायुद्धात अमेरिका फ्रान्सला सोडवाया गेली. एकदा न्हाई, दोनदा. अन् इराकच्या टायमाला अमेरिका म्हणली चला, तर फ्रान्स म्हणला, आमी येत न्हाई. मग तिथल्या संसदेच्या कॅन्टीननं बटाट्याच्या तळलेल्या फोडींच्या नावातून ‘फ्रेंच’ काढून टाकलं.”

“अन् फोडी?”

“फोडी ठेवल्या.”

किसनरावांनी समाधानाने मान हलवली. “ही तर भावकी हाय. दोघंबी उपकार करून बसलेत, अन् दोघंबी दुसऱ्याच्या आभाराची वाट पाहून राहिले. दोन पंगती करा. नजरेला नजर पडू देऊ नका. अन् जो जे बोलंल त्याला व्हय म्हणा.”

“माझ्या पोरीच्या लग्नातबी तुमी दोन पंगती केल्या होत्या,” मंजुळाबाई म्हणाल्या, “अन् नवरदेवाला कुठंच वाढलं न्हाई.”

“पण भांडण झालं का?”

भांडण झालं नव्हतं, हे खरं होतं.

गुरुवारी दोघे पाहुणे एकाच गाडीतून उतरले, तेही हसत. भागवत घाबरला. “हे तर हसून राहिले!”

“लोकांसमोर हसतातच लेका. व्याही काय रडतात का?”

साहेबांना टॉवेल-टोपी आणि मॅडमना शाल एकाच क्षणी चढली. किसनरावांनी त्यासाठी हाताने इशारा केला होता. नंतर साहेब ओट्यावर, मॅडम मागच्या अंगणात. साहेबांजवळ वसमतच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बालाजी सर बसवले होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी सुरुवात केली, “फ्रेंच लोकांनी तुम्हाला फार तकलीफ दिली म्हणे.”

साहेब बुचकळ्यात पडले. मग भाकरीचा घास गिळून म्हणाले की एकदा पॅरिसच्या हॉटेलात त्यांनी इंग्रजीत पाणी मागितलं होतं. वेटरने फ्रेंचमध्ये काहीतरी ऐकवलं आणि पाणी काही आणलं नाही. आपले आजोबा त्या देशासाठी लढले होते, हेही त्यांनी सांगितलं. सरांनी मराठीत करून सांगितलं.

“बराबर हाय,” किसनराव म्हणाले. “आज्यानं लढाई केली अन् नातवाला पाणी भेटलं न्हाई. राग येणारच.”

अंगणात मॅडमनी चौथ्यांदा विचारलं, आमचे सहकारी कुठे आहेत? भागवतने त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत धीर दिला, की काळजी करू नका, ते इकडे येणार नाहीत.

‘दोघांसमोर’ या अटीचा अर्थ ‘आधी एकासमोर, मग दुसरीसमोर’ असा लावण्यात आला. मंजुळाबाईंनी नमुन्याची पिशवी ओट्यावर नेली, साहेबांची सही घेतली. घरातून मागे नेली, मॅडमची घेतली. सील लागलं.

“आता ही कुणाच्या हाती देऊ?”

“एकाला दिली की दुसऱ्याचा अपमान,” किसनराव म्हणाले. “थांबा जरा.”

“विमान थांबंल का पण?”

परतीला दोघांना एका गाडीत बसवायचं नव्हतं, म्हणून गावातल्या संतरामची जीप मागच्या गल्लीत उभी केली होती. आधी कोण निघालं हा प्रश्न राहू नये म्हणून इशाऱ्यासरशी दोन्ही गाड्या एकदम सुटल्या. पुढच्या दाराने कारची धूळ आत आली, मागच्या दाराने जीपची. मधल्या खोलीत मंजुळाबाई पिशवी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

“भांडण झालं का?” किसनरावांनी विचारलं.

भागवत दोघांनाही फोन लावत होता. दोन्ही गाड्यांतून कोणी उचलला नाही.

सोमवारी मॅडमचा मेल आला. पिशवी साहेबांकडे आहे असं त्यांना वाटलं, साहेबांना ती मॅडमकडे आहे असं वाटलं. कुरिअरने आलेला नमुना नियमात बसत नाही. पुढच्या हंगामात पाहू. जेवण उत्तम होतं. खाली त्यांचा पत्ता होता, ब्रुसेल्स, बेल्जियम.

भागवतने पुन्हा मोबाईल काढला. अमेरिकन लोकांची बेल्जियमबद्दल काही खास तक्रार सापडली नाही.

मंजुळाबाईंनी टेम्पो बोलावला. हळद वसमतच्या मोंढ्यात नेहमीच्या आडत्याकडे गेली.