बाबांच्या नंबरचा मास्क

थुंकी.

मिशी किंवा समुद्र. दोन्हींपैकी एक.

अक्षरांचा तक्ता. वरची ओळ पातेल्याएवढी, खालची मुंगीएवढी.

"ही फ्रेम मला कशी दिसते हो?" "छान."

एक माणूस बादलीत तोंड घालून बसला आहे आणि त्याची बायको दारात उभी आहे.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मला ते ओळीने सांगता येत नाही, कारण समोर जेवढं आलं तेवढंच बघायचं, एवढंच मी जन्मभर केलं. तरी प्रयत्न करतो.

मी एक जुना मास्क आहे. सर्दी झाल्यावर नाकाला बांधतात तो नव्हे. तो आणि मी लांबचे नातलगसुद्धा नाही. पाण्याखाली उतरताना माणसं डोळ्यांवर आणि नाकावर घट्ट बसवतात, तो मी. मला दोन काचा आहेत, भोवती मऊ रबराची कड आहे आणि मागे पट्टा आहे. पट्टा होता, असं म्हणायला हवं. आता तिथे नाडी आहे.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम रबर ओतलं, गार केलं, काचा बसवल्या, खोक्यात भरलं. त्यानंतर बराच काळ अंधार. डोळे उघडले ते धक्क्याजवळच्या एका खोलीत. तिथली फरशी कायम ओली असे. भिंतीवर खिळ्यांची रांग होती. एका दांडीवर पाण्याखाली घालायचे काळे पोशाख टांगलेले असत. ते रात्रंदिवस ठिबकत. कोपऱ्यात हवेच्या टाक्या शाळेतल्या मुलांसारख्या उंचीनुसार उभ्या असत.

खोली ताईची होती. सुट्टीला आलेल्या माणसांना ती पहिल्यांदा समुद्राखाली घेऊन जायची. सगळे तिला ताईच म्हणत. तिच्या दुप्पट वयाचा बोटवालासुद्धा.

आता थुंकीचं सांगतो. पाण्यात माझ्या काचेवर आतून वाफ धरते. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे काचेवर थुंकायचं, बोटाने पसरायचं आणि विसळायचं. ताई हे सांगायची तेव्हा निम्मी माणसं "ई!" करायची आणि निम्मी हळूच मागे वळून आधी घसा खाकरायची. मला कधी राग आला नाही. ज्याच्यावर लोक रोज थुंकतात आणि तरीही ज्याला जपून हातात धरतात, असा माझ्याशिवाय दुसरा कोण आहे?

ती माझी कामाची वर्षं. किती चेहरे माझ्या आत आले! मित्रांनो, माझी एक गंमत आहे. बाहेरच्या बाजूने मला समुद्र दिसतो आणि आतल्या बाजूने फक्त दोन डोळे. आधी ते डोळे भीतीने गोल होतात. श्वास भराभर सुटतो. मग ताईचा हात खांद्यावर पडतो, श्वास लांब होतो आणि डोळे हळूहळू पुन्हा गोल होतात, पण या वेळी वेगळ्या कारणाने. तो क्षण फक्त मला दिसायचा. "हा अजिबात गळत नाही," असं ताई माझ्याबद्दल सांगायची, आणि मी खिळ्यावर जरा ताठ लटकायचो.

*

मग एका सुट्टीत बाबा आले. ताईचे बाबा.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. ताईने तिथेच भिंगं घासायला शिकावं, पुढे दुकान सांभाळावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ताई काही दिवस बसली, भिंगं पाडली, फोडली आणि एक दिवस समुद्राकडे निघून आली. "पाण्याखाली काय बघायचं असतं?" असं बाबा तेव्हा म्हणाले होते. भांडण असं झालंच नाही. फक्त त्यानंतर फोनवर बाबा "जेवलीस का?" एवढं विचारत आणि फोन आईकडे देत.

ते बाबा आता दुकानाला कुलूप लावून आले होते. शेजारी आई पिशव्या घेऊन उभी होती. ताई त्या सकाळी खोली झाडत होती ती झाडतच राहिली. आपण इतकी वर्षं काय करतो हे बाबांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं. तिने खिळ्यांवरून हात फिरवला आणि मला काढलं.

"बाबा, तुमच्या चष्म्याचं काय? नंबर केवढा आहे तुमचा."

"मला शिकवतेस?" बाबा म्हणाले. "पाण्यात किरण वाकतो. सगळं मोठं आणि जवळ दिसतं. चष्म्याची गरजच नाही. या धंद्यात केस पांढरे केलेत मी."

ताईला शंका आली होती. मला तिच्या बोटांवरून कळलं. पण आज वाद घालायचा नाही, असं ठरवूनच ती उठली होती.

"बरं. आता यावर थुंका."

"काचेवर?" बाबा एक पाऊल मागे सरकले. "माझ्या दुकानात कुणी भिंगावर नुसतं बोट ठेवलं तरी मी ओरडतो."

"अहो, थुंका की," आई म्हणाली. "एरवी कुठे ऐकता कुणाचं!"

शेवटी ताईच थुंकली. बाबांच्या मिशीला तिने व्हॅसलीन लावलं, कारण केसांतून पाणी आत शिरतं. बाबांनी चष्मा आईच्या हातात दिला, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उघडा पडला. बिछान्यातून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा.

आईला बोटीत बसवून आम्ही उतरलो. बाबा घाबरले नाहीत. श्वास शिस्तीत चालू होता. ताईने बोट दाखवून माशांचा एक मोठा थवा दाखवला. बाबांनी अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक' अशी खूण केली. ताईने खडकाच्या कपारीतलं कासव दाखवलं. बाबांनी पुन्हा तीच खूण केली. प्रत्येक वेळी खूण अगदी वेळेवर, चोख.

आणि मी आतून बघत होतो, मित्रांनो. ते डोळे बारीक होत होते, ताणले जात होते, चुरगळत होते. पाण्याने वस्तू जवळ आणली होती खरी, पण बाबांच्या नंबरापुढे ती जवळीक कुठे पुरणार? त्यांना निळं दिसत होतं आणि त्या निळ्यात एक पिवळा डाग हलत होता. ते ताईच्या पायांतले फिन होते, म्हणजे पोहायचे रबरी पंख. बाबा त्या डागामागून जात राहिले.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

बोटीत बाकीची माणसं एकमेकांच्या अंगावर पडून सांगत होती, तू ते पाहिलंस का, तू ते पाहिलंस का. ताई बाबांसमोर उकिडवी बसली.

"कसं होतं, बाबा?"

बाबांनी आईकडून चष्मा घेतला, पुसला, लावला.

"छान," ते म्हणाले.

ताई उठली आणि दोरी गुंडाळायला गेली. दोरी आधीच गुंडाळलेली होती. न शोभणारी फ्रेम घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की बाबा हाच शब्द याच आवाजात म्हणायचे. लहानपणापासून दुकानात तिने तो हजारदा ऐकला होता. बाबांनी सगळं बघितलं आणि त्यांना ते आवडलं नाही, असं तिला वाटलं.

*

मी चोरीला गेलो.

म्हणजे खोलीत तसं मानलं गेलं असणार. "नेला असेल कुणी पाहुण्याने," बोटवाला म्हणाला असेल. मी मात्र एका टॉवेलात गुंडाळलेला, बाबांच्या पिशवीत, चपलांच्या शेजारी होतो.

"अहो, पोरीचा मास्क इथे काय करतोय?" आईने घरी पिशवी उपसताना विचारलं.

"मापाला आणलाय."

"विचारून?"

बाबांनी चपला उचलून दाराशी नेऊन ठेवल्या.

"म्हणजे चोरलात. या वयात!"

अशा रीतीने मी चष्म्याच्या दुकानात पोचलो. खिळ्यावरच्या माझ्यासारख्याला ते राजवाड्यासारखं होतं. सगळं कोरडं. काचेच्या कपाटात चष्मे आपापल्या जागी, जणू पंगतीला बसलेले. आतल्या बाजूला भिंगं घासायचं चाक, त्यावर थेंबथेंब पडणारं पाणी आणि चाकासमोर दोन स्टुलं. एकावर बाबा बसत. दुसऱ्यावर गिऱ्हाइकाने पिशवी ठेवली, तर बाबा न बोलता ती उचलून टेबलावर ठेवत.

दुकान बंद झालं की बाबा माझ्या कामाला लागत. त्यांनी स्वतःच्या नंबरची भिंगं कापली. डाव्या डोळ्याचं जाड, उजव्याचं थोडं कमी. माझ्या काचांच्या आकाराला येईपर्यंत ती घासली, कडा पुसल्या, आतून चिकटवली. एक जोडी वाकडी बसली. ती काढून पुन्हा केली. ताईला कधी एवढा वेळ दिला नसेल, असं आई म्हणाली. बाबांनी ऐकलं. पण चाक सुरू होतं, त्यामुळे ऐकलं नाही असं दाखवता आलं.

एका दुपारी ते मला चढवून तक्त्यासमोर बसले आणि खालून दुसरी ओळ मोठ्याने वाचू लागले. तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आलं.

"काय हो, ही नवीन फॅशन का?"

"हो," बाबा माझ्या आतून, नाक दाबलेल्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला शोभणार नाही."

मग बादली. बाबांनी तळाशी एक बटण टाकलं आणि तोंड पाण्यात घातलं.

"अहो, काय शोधताय?" आई दारातून म्हणाली.

"बटण." बाबा वर आले. बटणाची चारही भोकं त्यांना दिसली होती. पण मिशीतून पाणी शिरून नाकात गेलं होतं. ते खोकत राहिले, मग आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आईने त्यांना चहा दिला आणि कप जमिनीवर पडला. ओळखूच आले नाहीत.

*

पुढच्या सुट्टीत आम्ही धक्क्यावर उतरलो तेव्हा समुद्र खवळून नुकताच शांत होत होता. पाणी गढूळ होतं.

"बाबा, मिशी?"

"घरी ठेवली. मला खाली ने."

"आज नको. काही दिसणार नाही. दोन दिवस थांबा."

"आज."

त्यांनी टॉवेल सोडला. ताईने मला बघितलं. आधी रागाने, मग नीट. तिने मला डोळ्यांना लावलं आणि लगेच काढलं. तिला सगळं जग दूर, चिमुकलं, गरगरणारं दिसलं असणार.

"बाबा, हा तुमचा नंबर आहे."

"हं."

"म्हणजे गेल्या वर्षी तुम्हाला..."

"निळं दिसलं. आणि काहीतरी पिवळं."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? किरण वाकतो म्हणून आधीच बोलून बसलो होतो ना!"

"आणि मी इथे वर्षभर..." ताईने वाक्य सोडून दिलं. "थुंका," ती म्हणाली.

बाबा थुंकले. चांगले दोनदा.

खाली खरंच काही नव्हतं. मासे कुठेतरी दडले होते. हात लांब केला तर हाताचं टोक धुरकट. पण ताई जवळ होती आणि जवळचं सगळं बाबांना स्वच्छ दिसत होतं. ते तिलाच बघत होते. आमच्याबरोबर आणखी एक बाई पहिल्यांदा उतरल्या होत्या आणि घाबरून वर जायला हात मारत होत्या. ताईने ते हात स्वतःच्या हातांत धरले, त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश श्वास घेतला, सावकाश सोडला. बाईंचा श्वास तिच्या श्वासाला येऊन मिळाला. दुकानात भिंगं पाडणारे ते हात इथे एवढीसुद्धा घाई करत नव्हते.

मग तिने खडकाजवळ बोट नेलं. तिथे नखाएवढा एक खेकडा होता. बाबा पुढे झाले. भिंगावरचा ओरखडा शोधताना माणूस जसा बघतो, तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

माझ्या आत थोडं पाणी जमलं, पण ते कुठून आलं यावर माझ्या दोन काचांचं एकमत नाही. उजवी म्हणते, पाणी शिरलं होतं. डावी म्हणते, बाबांनी मिशी काढली होती, मी गळत नाही, पाणी शिरणार कुठून?

वर आल्यावर ताईने काहीच विचारलं नाही. ती बाबांच्या टाकीचे पट्टे सोडवत होती.

"त्या खेकड्याचा मागचा एक पाय तुटलाय," बाबा म्हणाले.

ताईचे हात थांबले.

"नवीन फुटतोय. बारीक आहे अजून. आणि तुझ्या कानामागे एक केस पिकलाय."

"बाबा!" ताई ओरडली. ती हसत होती, पण मोठ्याने हसणाऱ्याचा चेहरा असतो तसा तो चेहरा नव्हता. आईने दोघांच्याही डोक्यावर एकेक टॉवेल टाकला.

*

त्यानंतर बाबा दर सुट्टीत आले. मी पुन्हा खोलीतल्या खिळ्यावर आलो, पण फक्त त्यांचा झालो. दुसऱ्या कुणी मला चढवलं तर "ई, सगळं इवलंसं!" म्हणून काढून टाकायचे. मग बाबांचे गुडघे दुखू लागले, मग कानाच्या डॉक्टरांनी पाण्यात जायला बंदी केली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाबांचा नंबरच गेला. आता ते चष्म्याशिवाय पेपर धरून बसतात, असं ताई फोन ठेवल्यावर बोटवाल्याला सांगत होती.

त्यामुळे मी आता बाबांच्याही उपयोगाचा नाही. माझं रबर पिवळं पडलं आहे. नवे मास्क हलके आहेत, त्यांचे रंग छान आहेत, त्यांना माझी अडचण होते. पण बाबांची ती जुनी नजर, डावी जाड, उजवी थोडी कमी, जगात आता फक्त माझ्याकडे आहे. कधी कधी खोली रिकामी असली की ताई मला खिळ्यावरून काढते, गोड्या पाण्याने धुते आणि सावलीत वाळवते.

मित्रांनो, माझ्या भावंडांना समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. उन्हात टाकू नका, रबर तडकतं. काच वाळूत उपडी ठेवू नका. आणि ज्यांना तुम्ही हौसेने काही दाखवायला नेता, त्यांना परतल्यावर एकदा शांतपणे विचारा, की तुम्हाला नक्की काय दिसलं. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

बाबा पहिल्यांदा उतरले, त्या दिवशी समुद्र इतका नितळ होता की बोटीतून तळाची वाळू दिसत होती.