सासऱ्यांचं पॅडल

ऑफिसात त्याला पेंग्विन म्हणत. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवायची एक प्रणाली, तिचं चिन्ह पेंग्विन, आणि अख्ख्या ऑफिसात लिनक्स वापरणारा तो एकटाच; शिवाय चालायचाही थोडा तसाच. पुढे हे नाव बायकोने घरी आणलं आणि तिथून ते सासऱ्यांपर्यंत पोचलं. सासरे मात्र सभ्य माणूस. तोंडावर 'जावईबापू' म्हणत, पाठीमागे पेंग्विन.

पेंग्विनच्या टेबलाचा खालचा खण म्हणजे त्याची आयुष्यभराची कमाई होती. त्यात वेबकॅम होते, वायफायची नखाएवढी यंत्रं होती, माऊस होते, माइक होते, आणि यांतलं एकूण एक लिनक्सवर चालणारं होतं. हे काही सोपं काम नाही. दुकानातल्या खोक्यावर बाकीच्या सगळ्या प्रणालींची नावं असतात, आपलं, म्हणजे लिनक्सचं, कधीच नसतं. मग इंटरनेटवर अनोळखी माणसांची भांडणं वाचून खोक्याच्या आत कुठली चिप आहे ते शोधायचं आणि मग घ्यायचं. एक साधा माऊस घ्यायला पेंग्विन आठवडाभर चौकशी करायचा.

"माझ्याशी लग्न करताना एवढी चौकशी केली नव्हतीस," बायको म्हणायची.

"तेव्हा इंटरनेट फार हळू होतं," तो म्हणायचा. ते खरंही होतं.

सासऱ्यांचा लिनक्सवर विश्वास नव्हता. ते निवृत्त लघुलेखक. साहेब बोलणार आणि हे उतरवून घेणार, यात त्यांची नोकरी गेली. शेवटची काही वर्षं कानाला हेडफोन आणि पायाखाली पॅडल असायचं. पाय दाबला की टेप पुढे, सोडला की टेप थांबली. असा माणूस यंत्राला घाबरत नाही. पण पेंग्विनने एकदा त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलं, आणि त्यानंतर त्यांच्या प्रिंटरने एका पत्राऐवजी कागद संपेपर्यंत पानं काढली, प्रत्येक पानावर चिन्हांची एकेक ओळ. त्यातलं एक पान सासऱ्यांनी जपून ठेवलं. तेव्हापासून लेकीकडे काही नवीन दिसलं, मग तो मिक्सर असो की दारावरची घंटा, की ते चहाचा घोट घेऊन गंभीरपणे विचारायचे, "जावईबापू, तुमच्यात हे चालतं का हो?"

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ गेली आणि दोन्ही हात गेले. हॉस्पिटलातून त्यांना थेट लेकीकडे आणलं आणि आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग टाकला. त्यांचं स्वतःचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहायचे, आणि स्वतःच्या हाताने सगळं करायचे. ते घर बायकोने वडील हॉस्पिटलात असतानाच आवरलं आणि किल्ली मालकाला परत दिली. दुसरा काही मार्ग नव्हता. बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "सांगू नंतर. जरा सावरू देत."

बाबा सावरले नाहीत, पण अस्वस्थ मात्र झाले. दिवसातून अनेकदा उजवा पाय गादीवर आपटायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. घरातल्यांनी अंदाज लावायला सुरुवात केली. पाणी? पंखा? भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांवर येतंय का? घड्याळ हलवलं. पुन्हा पाय. घड्याळ दुसऱ्या खोलीत गेलं. पुन्हा पाय. आता त्या भिंतीवर दाराशेजारची हुकांची पट्टी तेवढी उरली होती, आणि पट्टीकडे बघून कोणाला काय हवं असणार?

वाणी शिकवणाऱ्या बाई येऊन तपासून गेल्या. "भाषा शाबूत आहे, समज शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त स्नायू ऐकत नाहीत. एक जरी हालचाल त्यांच्या ताब्यात असेल, तर त्या जोरावर मशीन त्यांच्या वतीने बोलू शकतं." त्यांनी एका मशीनचं माहितीपत्रक दिलं. पेंग्विनने ते उलटसुलट वाचलं. त्यात आपलं नाव नव्हतं.

"मी करतो," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लिनक्सच्या बाबतीत तिच्या चेहऱ्यावर आशा त्याने पहिल्यांदाच पाहिली. तो खण उघडायला धावलाच.

आधी वेबकॅम लावला. डोळ्यांच्या हालचालीवरून अक्षर निवडायचं, अशी योजना होती. कॅमेरा ताबडतोब ओळखला गेला, चित्र झकास आलं. पण दुपारी खिडकीतून ऊन आलं की प्रोग्रॅमला खिडकीचा पडदा म्हणजेच बाबा वाटायचे, आणि पडदा दिवसभर काहीबाही निवडत राहायचा. मग माइक लावला, फुंकर मारली की निवड. माइकही उत्तम चालला. त्याने पंख्याची निवड केली. मग व्हिडिओ गेम खेळायच्या रिमोटचं मोठं बटण बोटांखाली ठेवलं. तेही लगेच ओळखलं गेलं, फक्त बोटांनी त्याला ओळख दिली नाही. लिनक्सवर सगळं चाललं. बाबांवर काहीच चालेना.

"अरे, तू कॉम्प्युटरकडे बघतोयस," बायको म्हणाली. "त्यांच्या पायाकडे बघ."

पाय आपटत होता.

तेव्हा पेंग्विनला पॅडल आठवलं. टंकलेखकांचं पॅडल अजून मिळतं. त्याने चौकशी केली, आणि आयुष्यात प्रथमच चौकशी एका दुपारीच आटोपली: हे पॅडल कॉम्प्युटरला एकच बटण असलेला कीबोर्ड वाटतं, त्यामुळे कुठेही चालतं. पॅडल आलं. त्याने ते पलंगाजवळच्या छोट्या कॉम्प्युटरला जोडलं, बाबांना उशांना टेकवून बसवलं आणि त्यांच्या पायाखाली पॅडल सरकवलं. बाबांचा पाय त्यावर आला तो जुन्या चपलेत यावा तसा. टाच टेकलेली, चवडा हलका. पेंग्विनला ते शिकवावं लागलं नाही.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जायच्या. हवी ती ओळ आली की दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळायची, पुन्हा दाबायचं. सगळ्यात वर बायकोने सांगितलेली तयार वाक्यं होती. पाणी हवं. पंखा लावा. कूस बदला. दुखतंय. तिने फार विचार करून ती काढली होती.

बाबांनी तयार वाक्यांची ओळ जाऊ दिली. क-ख-ग-घची ओळ उजळल्यावर पाय दाबला. क गेला, ख गेला, ग गेला, घ वर पाय दाबला.

"घसा?" बायको म्हणाली. "घाम येतोय का, बाबा?"

"थांब गं," पेंग्विन म्हणाला. "त्यांना बोलू दे."

र आला. मग बऱ्याच वेळाने वेलांटी आली. मशीन बोललं. आवाज कॉल सेंटरमधल्या बाईंचा, फक्त त्यांना सर्दी झाल्यासारखा.

"घरी."

"घरीच आहात ना, बाबा," बायको म्हणाली आणि मुळात नीट असलेली चादर नीट करू लागली.

पाय पुन्हा चालू झाला. चहा झाला, निवला, त्यावर साय आली. मग मशीन म्हणालं, "माझ्या."

बाबांनी हुकांच्या पट्टीकडे पाहिलं. तेव्हा दोघांनाही एकदमच आठवलं. पूर्वी बाबा भेटायला आले, की दारातून आत येताना पहिलं काम करायचे ते स्वतःच्या घराची किल्ली त्या पट्टीवर अडकवायचं. निघताना लेक म्हणायची, राहा की आज, आणि ते पट्टीवरची किल्ली काढून खिशात टाकायचे.

"किल्ली," मशीन म्हणालं.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. पेंग्विन मात्र पडद्याकडेच बघत होता. इतकी अक्षरं, आणि एकही चुकलं नव्हतं. त्याला आनंद झाला होता, हे त्याला नंतर स्वतःलाच बरं वाटलं नाही.

पुढचे दिवस बाबा बोलत होते. पाणी मागत नव्हते, पंखा मागत नव्हते. तयार वाक्यांची ओळ ते अशी सोडून द्यायचे, की जणू ती ओळ आपल्यासाठी नाहीच. 'किल्ली कुठे.' 'किल्ली आणा.' सकाळी येणारी मदतनीस बाई आतूनच हाक मारायची, "ताई, बाबा किल्ली मागतायत." बायको म्हणायची, "शोधते हं, बाबा." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. पुढच्या वेळी म्हणाली तेव्हा पाय बराच वेळ चालला आणि सर्दी झालेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं."

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पेंग्विन पाणी प्यायला गेला.

"ते बंद पडू शकत नाही का?" तिने विचारलं.

"काय?"

"ते मशीन. तुझ्या वस्तू बंद पडतात ना अधूनमधून."

"माझ्या नाही पडत. म्हणजे घेतानाच मी नीट—"

"एकदा पडू दे."

पेंग्विनने ग्लास धुतला. तो धुतलेलाच होता. "आपण सांगून टाकू या," तो म्हणाला. "घर सोडलं म्हणून. कधीतरी सांगावंच लागेल."

"सांग मग."

"मी?"

"मी ते घर आवरलंय," ती म्हणाली. "त्यांच्या दाढीच्या ब्रशला साबण होता अजून, तो मी पिशवीत टाकलाय. मला नाही सांगता येणार. तुला येत असेल तर जा, सांग."

तो गेला. जाताना पहिलं वाक्य त्याने जुळवून ठेवलं होतं, आणि ते ठीक होतं. तो पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाय हलवायला लागले. क. पुढे ऱ्हस्व वेलांटी. आता ल येणार. पेंग्विनला तो शब्द पुरा होईपर्यंत थांबवेना. त्याने हात पुढे केला, बोलणारा प्रोग्रॅम बंद केला, आणि पडदा काळा झाला.

"बाबा," तो म्हणाला, "हे बंद पडलं."

बाबा बघत राहिले.

"ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे. पॅडल ओळखत नाहीये. लिनक्सचं हे असंच आहे." एवढं बोलल्यावर थांबता आलं असतं, पण त्याला कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "आमच्यात हे चालत नाही, बाबा."

बाबांच्या तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला. ते हसू होतं, की ओठ नुसता ओढला गेला, ते त्याला कळलं नाही. वाणी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की चेहऱ्यावरून काही ठरवू नका. तो थोडा वेळ बसला, मग खिडकीचा पडदा सारखा करून बाहेर आला.

बाहेरच्या खोलीत त्याच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता. पहिल्या दिवशी पॅडल नीट चालतंय का ते बघायला त्याने त्यात एक छोटी खिडकी उघडून ठेवली होती. पलंगाजवळ पॅडल दाबलं गेलं, की इथे एक ओळ उमटायची, सोडलं की दुसरी. बोलणारा प्रोग्रॅम बंद केला तरी ही खिडकी वेगळी होती. ती बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

दाबलं. सोडलं.

मग बराच वेळ काही नाही. पलंगाजवळच्या पडद्यावर हवी ती ओळ उजळायला जितका वेळ लागायचा, साधारण तितकाच.

दाबलं. सोडलं.

बायको हात पुसत आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. "सांगितलंस?"

"बंद पडलं म्हणालो."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओलाच होता. "खरंच पडलंय ना आता?"

खिडकीत ओळ उमटली. पेंग्विनने लॅपटॉपचं झाकण थोडं खाली ओढलं, तिला दिसू नये म्हणून.

"हो," तो म्हणाला.

ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, बाबा, कूस बदलू का, म्हणून. खिडकी बंद करायला एक बटण पुरे होतं. त्याने बोट त्यावर ठेवलं. खिडकीत दाबलं, सोडलं अशा ओळी येत होत्या, एकही चुकत नव्हती, आणि तो पुढच्या ओळीची वाट बघत बसून राहिला.