उघडता येणारा फोन

धाकट्याने फोनचं मागचं झाकण नखाने उचकटलं, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि कॅमेऱ्याचे स्क्रू एकेक करून बशीत मांडायला घेतले. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, म्हणजे बसवताना घोळ नको. संध्याकाळ झाली की जेवणाच्या टेबलावर हा पसारा ठरलेला. त्याच्या मागे, दिवाणावर, बायको पाय वर घेऊन स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेली असे.

“कालच बदललात ना कॅमेरा?” ती म्हणाली.

“परत बघतो. नीट बसला नसेल.”

कॅमेरा ठणठणीत होता, हे त्यालाही ठाऊक होतं. पडदा ठीक होता, माईक ठीक होता. बिघाड होता तिथे स्क्रू ड्रायव्हर पोचतच नव्हता. पण ज्या माणसाने उभा जन्म स्क्रू ड्रायव्हरवर काढला, तो दुसरं करणार तरी काय?

दोघा भावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईकं त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत, आणि साठी उलटली तरी धाकटा आपला धाकटाच राहिला. दुकानाचा कायदा थोरल्याने घालून दिला होता. स्क्रूने जोडलेली वस्तू आपली, चिकटवलेली परक्याची. पुढे बघता बघता सगळं जगच चिकटवलेलं निघालं आणि दुकानाला कुलूप लागलं. थोरला मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेला. जाताना त्याने हा फोन धाकट्याच्या हातात ठेवला.

“घे. हा उघडतो,” एवढंच म्हणाला.

धाकट्याने त्याच रात्री तो उघडून पाहिला आणि लहान मुलासारखा खूश झाला.

मग थोरल्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे आणि डावा हात तेवढे राहिले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे भाऊ व्हिडिओ कॉलवर भेटत. धाकटा तोंडाने बोलायचा, थोरला हाताने. वहिनीला मध्ये पडून अर्थ सांगावा लागला नाही कधी. एवढी वर्षं एका बाकावर बसून काम केलेली माणसं ती, त्यांना पूर्वीही फारसं बोलावं लागत नसे.

आणि एके दिवशी व्हिडिओचं अ‍ॅप उघडेचना. तुमच्या फोनची प्रणाली जुनी झाली, अपडेट करा, म्हणालं. अपडेट करायला गेला तर फोन म्हणाला, नवीन अपडेट उपलब्ध नाही. आता घ्या!

त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, लवकरच. पुन्हा लिहिलं. टप्प्याटप्प्याने पाठवतो आहोत, असं आलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर कळवलं की थोडी अडचण आली आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. संयम यांना दिला होता कुणी? सुटे भाग मात्र मागवल्याबरोबर दारात हजर. वर्षानुवर्षं टिकेल असा फोन बनवायचा आणि आतलं डोकं असं वाऱ्यावर सोडायचं, याला काय म्हणावं ते धाकट्याला सुचत नसे. सुचे ते लिहिण्यासारखं नसे.

साधा फोन लागत होता. पण त्यावर पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. दादा ऐकतोय की झोपलाय, कळायला मार्ग नाही. एकदोनदा तसं बोलून पाहिलं आणि त्याचा जीव इतका कासावीस झाला की पुढे तो वहिनीला “कसा आहे?” एवढं विचारून ठेवून देऊ लागला.

“माझ्या फोनवरून लावा की,” बायको सुरुवातीलाच म्हणाली होती.

“त्या चिकटवलेल्या डबड्यावरून? दादाने दिलाय हा मला. त्याच्यासमोर दुसरा धरून बसू? काय वाटेल त्याला?”

“त्यांना तुम्ही दिसाल. दुसरं काय वाटायचंय?”

“येईल अपडेट. आज ना उद्या येईल. आणि तूही लावायचा नाहीस, सांगून ठेवतो.”

मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

अपडेटच्या आधी पुतण्याचा फोन आला. साधाच, आवाजाचा. “काका, बाबा गेले,” म्हणाला.

ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. धाकटा तिच्यासमोर बसला, पण त्याला मान वर करवेना.

“वहिनी, शेवटी शेवटी तोंडसुद्धा दाखवलं नाही मी दादाला. तो फोन...”

“असं काय बोलता, भाऊजी? रोज तर बघायचे तुम्हाला.”

दुःखाने तिच्या डोक्यात गोंधळ झालाय, असं त्याला वाटलं.

“संध्याकाळ झाली की यांचं हाताने सुरू. फोन लाव, फोन लाव. तुम्ही आपले टेबलाशी काहीतरी खोलून बसलेले. स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचायचात आणि टेबलभर शोधत बसायचात, तेव्हा किती हसायचे! आवाज कुठला, नुसते खांदे हलायचे. स्वतःचा कान दाखवत राहायचे, जसं काही तुम्हाला दिसणारच आहे. मी धाकटीला म्हणायचे, अगं, सांग त्यांना. ती म्हणायची, नको, चिडतील.”

धाकट्याने वळून पाहिलं. बायको दाराशी उभी होती. तिने नजर खाली घातली.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी शेजारी बसून आले. वाटेत त्याच्या खिशातला फोन थरथरला. अपडेट आलं होतं. त्याने ते वाचलं आणि फोन परत खिशात ठेवला. तो आता शिव्या घालेल म्हणून बायको वाट बघत होती. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

“कुठे बसायचीस तू?”

तिने दिवाणाची कड दाखवली. तो तिथे जाऊन बसला. समोर टेबल होतं, त्यावरचा दिवा होता आणि त्याची रिकामी खुर्ची, त्याच्याकडे पाठ करून.

“इथून चेहरा दिसत नाही,” तो म्हणाला.

“नाही दिसत.”

“काही म्हणायचा नाही तो? हाताने?”

ती त्याच्या शेजारी टेकली. सांगावं की नाही, असं झालं तिला.

“एकदा म्हणाले. गेल्याच आठवड्यात.” तिने तळहात हवेत फिरवला, कुणाला तरी आपल्याकडे वळवावं तसा. “वळव म्हणाले त्याला. मी हाक मारली होती तुम्हाला. म्हटलं, अहो, जरा इकडे बघता का?”

“मग?”

“थांब म्हणालात. मान न वळवता.”

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“आणि दादा?”

“थांबले की,” ती म्हणाली. “बराच वेळ थांबले.”