खिळ्यावरचे नारळ

गुरुवारी सकाळी सुषमाताई ओलं फडकं घेऊन मंडळाच्या खोलीत गेल्या आणि नेहमीप्रमाणे दारापासच्या भिंतीपासून पुसायला लागल्या. शहरातल्या हेंद्रेपाडा वस्तीत, भोप्यांच्या घराला लागूनच ही खोली. भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला लाल फडक्यात बांधलेला एक नारळ. फडक्यावर मुलीचं नाव. नारळ पुसता पुसता त्या मुलींविषयी स्वतःशीच बोलत. हिच्या आईला कावीळ झालीय. हिला पोळी चालत नाही, भातच लागतो. ही परवा रडत होती, विचारायला हवं.

त्यांचे यजमान भगवंत भोपी अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात अधिकारी होते. तरुणपणी त्यांनी मुलींचं कबड्डी मंडळ काढलं तेव्हा लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या होत्या. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली वाऱ्यासारख्या धावायच्या, पण आईबाप त्यांना खाली पाठवेनात. तेव्हा भगवंतभाऊंनी एक रीत घातली. मुलीच्या आईने एक नारळ आणायचा, तो मंडळाच्या खोलीत टांगायचा. तो खिळ्यावर आहे तोवर मुलगी भाऊंच्या जबाबदारीवर. ती जायची झाली की भाऊ स्वतःच्या हाताने नारळ उतरवून आईच्या पदरात घालणार. दुसऱ्या कुणी तो उतरवायचा नाही.

त्या नारळांनी किती मुली मैदानावर आणल्या. मग ही रीत अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या मंडळांनीही उचलली. पुढे सगळ्यांच्या बैठकीत ठरलं की जिचा नारळ उतरलेला नाही तिला दुसऱ्या कुणी खेळवायचं नाही आणि सामन्याचं मानधन ठरल्यापेक्षा वर कुणी द्यायचं नाही. खेळाचा बाजार होऊ नये, हे शब्द भाऊंचेच होते. त्यानंतर नारळ उतरायचे ते फक्त लग्न ठरल्यावर. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्या गुरुवारी गोमा मेंगाळ मुलीला घेऊन आला. हातात रानातून खणून आणलेल्या करांद्यांची पिशवी. भाऊ मंडळाच्या खोलीतच होते. तो उंबऱ्याशी बसला.

"वर बस की रे, गोमा."

"हितंच बरा हाय, भाऊ." त्याने पिशवी सुषमाताईंकडे सरकवली. "भाऊ, पोरीचा नारल काढायचा व्हता."

भाऊ हसले. "लग्न ठरलं? आणि मला आत्ता सांगतोस? कुठला मुलगा?"

"लगीन नाय," गोमाने मुलीकडे पाहिलं. "नोकरी."

गोमाची भाविका मंडळाची सगळ्यात चांगली चढाईपटू होती. ती उभीच राहिली. "एका बँकेचा संघ आहे, भाऊ. राज्य स्पर्धेत त्यांनी मला बघितलं होतं. पर्मनंट नोकरी देतायत. फक्त आपल्या मंडळाचा होकार पाहिजे."

भाऊंचा चेहरा उजळला. पाड्यावरची मुलगी बँकेत. ते उठायलाच लागले होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येत असे, म्हणून फोन कायम स्पीकरवर. उल्हासनगरचे राजेश बोलत होते. जीन्सचा धंदा, आणि तिथल्या मंडळाचे ते आश्रयदाते.

"भगवंतभाऊ, सुना है तुमच्या भाविकाला बँकवाले नेतायत?"

"तुमच्यापर्यंत आलं पण?"

"साईं, मार्केटमध्ये बातमी कपड्याच्या आधी पोचते. ऐका. मी पण तिला मागितली होती. तुम्ही बोलला नारळ नाय उतरणार. मी गप बसलो की नाय? आता बँकेला सोडली तर कल मेरी लडकियाँ मेरे सर पे नाचेंगी. एक सुटली की सगळं दुकान खाली."

"बघतो."

"फायनल आपलीच आहे, तुमची आमची. ती नसली तर माझाच फायदा. तरी बोलतो. उसूल मतलब उसूल."

फोन बंद झाला. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. भाऊ पुन्हा खाली बसले.

"अंबरनाथचा करंडक होऊ दे," ते म्हणाले. "फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः उतरवतो. शब्द आहे माझा."

"भाऊ, गुडघा सुजलाय. डॉक्टर बोलले महिनाभर खेळायचं नाय. बँकवाले थांबायला तयार आहेत. पण यात अजून काही झालं तर..."

"एका सामन्यानं काय होतंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला पाड्यावरून खाली कुणी आणलं, भाविका?"

"तुम्हीच."

"मग सोडून जायची एवढी घाई कसली?"

"सोडून नाय चालले, भाऊ. पुढे चाललेय." तिने कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या ऋताकडे पाहिलं. ऋता भाऊंची एकुलती एक मुलगी. "ताईनं कंपनी बदलली तेव्हा पेढे वाटायला तुम्ही मलाच पाठवलं होतं. दोन्ही वेळा."

सुषमाताईंचं फडकं थांबलं. ऋता काहीतरी टाइप करत राहिली. 'बाबा, ती बरोबर बोलतेय' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ऑफिसचा कॉल सुरू होणार होता. संध्याकाळी शांतपणे बोलू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी भाऊ फायनलच्या तयारीत खुशीत होते, आणि ते राहून गेलं.

गोमाने हात जोडले. "पोरीचा मनावर नका घेव, भाऊ. तुमी सांगाल तसा."

बाहेर पडल्यावर भाविका बापाला म्हणाली, "बा, करांदे तरी परत आणायचे होतेस."

अंतिम सामना अंबरनाथला झाला. समोर राजेशचा संघ. सुषमाताईंनी आदल्या दिवशी आंबेहळदीचा लेप दिला होता. मैदानाच्या कडेला भाऊंनी स्वतः खाली बसून भाविकाच्या गुडघ्याला पट्टी बांधली. इतकी वर्षं ते प्रत्येक मुलीला अशीच पट्टी बांधत आले होते. मुलींच्या स्वतःच्या बापांनीही कधी त्यांच्या पायाशी बसून असं काही केलं नसेल.

"घट्ट झाली का गं?"

"बरोबर आहे, भाऊ."

शेवटच्या चढाईपर्यंत गुण समान होते. भाविका आत शिरली, एकीला शिवली आणि वळताना तिचा घोटा पकडला गेला. पट्टी बांधलेला पाय मागे अडकला, वरून दोघी पडल्या. ती तशीच पुढे झेपावली आणि तिची बोटं मध्यरेषेवर टेकली. शिट्टी झाली. ढोल वाजायला लागले. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ती उठत नाहीये, हे पहिल्यांदा राजेशच्या लक्षात आलं. पांढरे बूट घालून ते मातीत धावले.

तिला रिक्षात घालत होते तेव्हा भाऊ व्यासपीठावर होते. पाहुण्यांनी करंडक त्यांच्या हातात दिला होता आणि फोटोवाला त्यांना जरा डावीकडे सरकायला सांगत होता. ते सरकले. तो फोटो आजही मंडळाच्या खोलीत आहे. त्यात भाऊ कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

भाऊंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून भाविकाचा नारळ उतरवला. पण गुडघ्याच्या आतलं सगळं फाटलं होतं. शस्त्रक्रिया झाली. नंतर डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळणं विसरा. बँकेची माणसं सौजन्याने वागली. त्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी घेतली.

मग एका रविवारी भाऊ नारळ घेऊन पाड्यावर गेले. गाडी ऋता चालवत होती. अंगणात भाविकाची आई भिकी भात पाखडत होती. भाविका पडवीत बाजेवर, पाय लांब करून. भाऊंनी लाल फडक्यातला नारळ दोन्ही हातांनी पुढे केला. रीतीप्रमाणे भिकीने पदर पसरायला हवा होता. तिने सूप खाली ठेवलं, नारळ हातात घेतला आणि कानाशी धरून हलवला. आत सुटलेला खोबऱ्याचा गोटा खुळखुळला.

"पानी आटला हेच्यातला," ती म्हणाली. "मी दिला तवा भरलेला व्हता."

भाऊंचे दोन्ही हात अजून पुढेच होते.

"तुमच्या घरात सुकला, भाऊ. तुमच्याच घरात ऱ्हाऊ द्या." तिने नारळ परत दिला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ऋताला वाटलं.

"चहा घेऊन जा, भाऊ," भाविका बाजेवरून म्हणाली. "ताई, बस ना."

भाऊंनी चहा घेतला. कप रिकामा झाल्यावरही हातात धरून ठेवला.

परतताना सोनिवलीच्या नव्या इमारती दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "कारखान्यात एका ऑपरेटरचा राजीनामा मॅनेजर मंजूर करत नव्हता. म्हणे, आम्ही शिकवला, आता दुसरीकडे कसा जाईल. मी त्याच्यासाठी भांडलो होतो. म्हटलं, माणूस आहे तो, मशीन नाही."

"आठवतंय मला," ऋता म्हणाली.

"मग त्या दिवशी मला का नाही आठवलं?"

ऋता रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. त्या गुरुवारी तिला मात्र ते आठवलं होतं. कॉल सुरू होण्याच्या ऐन आधी आठवलं होतं.

नारळ देवघरात राहिला. भाऊ सकाळी पूजा करत, पण त्याला हळदकुंकू लावत नसत. मंडळात जाणं कमी झालं. उन्हाळ्यात एका दुपारी जेवणानंतर आडवे झाले ते उठले नाहीत. ऋताने बापाला खांदा दिला. कुणी आक्षेप घेतला नाही. ज्यांना घ्यायचा होता त्यांची तोंडं भाऊंनीच तिच्या लहानपणी बंद करून ठेवली होती. असा बाप होता तो. म्हणूनच तिला कुठल्या दुःखाने रडावं ते कळत नव्हतं.

तेराव्याला तिन्ही गावांतल्या मंडळांची माणसं आली. मुली मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. राजेश खरोखरच रडले. जेवणं झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बेटा, आता हे नारळ तुझ्या हाती. भाऊंची परंपरा आहे. तू सांभाळशील ना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. ऋताने आईकडे पाहिलं. सुषमाताई घरात गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या. नारळांच्या ओळीच्या सुरुवातीला त्यांनी ते टेकवलं आणि डगमगू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

ऋता चढली. पहिला नारळ उतरवला, फडक्यावरचं नाव वाचलं. "श्रद्धा."

श्रद्धा घाबरून पुढे आली. "ताई, मला काढून टाकलं?"

"नाही गं. तुझा नारळ तुला देतेय. उद्या संध्याकाळी मैदान उघडं असेल. यावंसं वाटलं तर ये."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही आलीस."

"हे काय चाललंय?" राजेश उठून उभे राहिले. "बेटा, टीम तुटेल. उद्या कोणीही येईल, कोणालाही घेऊन जाईल."

"घेऊन नाही जाणार, काका. त्या जातील."

"आणि मानधनाचं? ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"खेळणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? आमचं मंडळ त्यातून बाहेर. कुणाला किती द्यायचं ते आता आम्ही मुलींशी बोलून ठरवू."

"तेरा दिवस झाले माणसाला जाऊन." राजेशचा आवाज दुखावलेला होता. "भाऊंना काय वाटलं असतं?"

ऋताचा हात पुढच्या खिळ्याशी थांबला. त्यांना आवडलं असतं, असं म्हणणं सोपं होतं. ते खरं होतं की नाही, तिला माहीत नव्हतं.

"बाबांनी शेवटी एक उतरवला होता," ती म्हणाली. "त्याला उशीर झाला. त्यात मीही होते, मी गप्प बसले होते."

खाली स्टूल धरून बसलेल्या सुषमाताई वर न बघता म्हणाल्या, "मी रोज पुसत होते."

राजेश चपला शोधायला बाहेर गेले. आणखी काही जण उठले. नावं वाचली जात राहिली. काही मुलींनी नारळ घेताना तो कानाशी हलवून पाहिला. कुणाचा भरलेला होता, कुणाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ऋताने मैदानावर पाणी मारलं. चुन्याच्या रेषा आखल्या. त्या जरा वाकड्याच आल्या; भाऊंच्या सरळ यायच्या. देवघरातला भाविकाचा नारळ आणून तिने मंडळाच्या खोलीत करंडकाशेजारी ठेवला, आत येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असा. विचारणारीला ती सांगणार होती. न विचारणारीलाही.

भिंतीवर नुसते खिळे उरले होते. ती पायरीवर येऊन बसली. कोण येईल, किती येतील, कुणी येईल तरी का, तिला ठाऊक नव्हतं. मंडळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते फक्त त्या मुलींना ठाऊक होतं.