झिलमिलीतले पाय

रिठदच्या दौलतरावांनी गल्लीच्या बाजूला विटांची नवी खोली बांधली, त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. सदतीस-अडतीस साल असेल. खोलीवर कवेलू चढले, जमीन सारवून झाली. राहिली ती खिडकी. बसल्या जागेवरून बाहेर दिसावं अशी ती खाली धरलेली होती. तिला नुसते लोखंडी गज होते, झडपा नव्हत्या. दुपारी तिच्यातून ऊन आत येई आणि समोरच्या भिंतीवर चढत राही.

दौलतरावांच्या बायकोला, प्रयागबाईला, ती खिडकी तशीच हवी होती. कारण मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी घर फुटलं होतं. दौलतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ शालिग्राम शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दोन बाभळींवरून असे भांडले, की चूल वेगळी झाली, वावरं वेगळी झाली. शालिग्राम गल्लीच्या त्या टोकाला जाऊन राहिला. त्या संध्याकाळी दौलतरावांनी बायकोला समोर उभं करून सांगितलं, “त्या घरच्या कोनाशी एक सबद बोललीस तं माह्या गळ्याची आण हाय तुले.”

नवऱ्याच्या गळ्याची आण मोडायची कुणाची छाती होती त्या काळी! प्रयागबाईने ती मोडली नाही. पण शालिग्रामची बायको रंगू या घरात आली ती नऊ वर्षांची. तिची वेणी प्रयागबाईने घातली, भाकरी थापायला तिनेच शिकवलं, माहेरच्या आठवणीने रडली तर पोटाशी घेऊन निजवलं. प्रयागबाईला लेकरू झालं नाही. पुढे रंगूलाही झालं नाही. दोघीच एकमेकींना होत्या.

आण बोलण्याची होती, पाहण्याची नव्हती. हे दोघींनी न बोलताच ठरवून टाकलं.

नवी खिडकी झाल्यापासून भरदुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, रंगू घागर घेऊन विहिरीला निघे. खिडकीसमोर निंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत एक दगड. त्या दगडावर घागर टेकवून ती खिडकीकडे पाही. प्रयागबाई गजांमागे बसलेली असे. ती चोळीचा नवा खण वर धरून दाखवी; रंगू नाक मुरडे, म्हणजे रंग आवडला नाही. रंगू भाजलेलं बोट दाखवी. प्रयागबाई कोरफडीचं पान आणून दाखवी. कधी नुसतंच पाहणं. मग रंगू घागर उचलून जाई. प्रयागबाईचा दिवस तिथे संपे. उरलेला नुसता काढायचा असे.

चैत्रातल्या एका दुपारी रंगूने घागर टेकवली, ओच्यातून कैरी काढली आणि कचकन चावली. डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करत ती सगळी खाल्ली आणि पोटावर हात ठेवून चार बोटं वर केली. प्रयागबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी गज धरले. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर! आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही.

त्याच आठवड्यात दौलतरावांची अर्धशिशी उठली. ती दर उन्हाळ्यात उठे, पण या खेपेला ते भिंतीला डोकं लावून कण्हत बसू लागले.

“अंधार पाहिजे मले,” कपाळावर ओलं फडकं धरून ते म्हणाले. “कोठीच्या खोलीत जीव गुदमरते. आता नव्या खोलीत खाट टाकतो. पण ती खिडकी बंद पाहिजे. रिसोडच्या सुताराले बलावलं हाय.”

“उन्हाळ्यापुरतं गोणपाट लावलं तं?”

“गोणपाटातून ऊन गाळून घ्याचं काय? ताक हाय का ते?” एवढ्या दुखण्यातही त्यांची जीभ शाबूत होती. “झडपा कशा पाहिजे ते तूच पाहा. मले मान वर करवत नाही.”

असा तो निवाडा तिच्याकडे आला.

सुताराचं नाव रामकिसन. वाशिमचा डाकबंगला आपल्याच हातचा, असं तो गावोगाव सांगे. त्याने ओसरीवर फडकं सोडून दोन नमुने मांडले.

“हे पाहा बाई, सागवानी फळीची झडप. लावली का काळोख गुडुप. मांजरीले आपली शेपटी बी दिसनार नाही.”

“अन् वारा?”

“मालकानं अंधार मांगितला. वारा मांगितला का?”

प्रयागबाईने फळीवरून हात फिरवला आणि ती बाजूला सारली. दुसरा नमुना म्हणजे एक छोटी चौकट होती, तिच्यात बोटबोट अंतराने तिरप्या पट्ट्या बसवलेल्या.

“ही झिलमिल. आगगाडीच्या डब्याले असते तशी. ऊन वरून येते, पट्टीवर पडते अन् तिथंच मरते. वारा तेवढा आत येते.”

तिने चौकट डोळ्यांसमोर धरली. फटींमधून अंगणातली जमीन दिसली. एक कोंबडी फिरत होती, तिचे पाय दिसले.

“माणूस दिसते का याच्यातून?”

“पाय दिसतीन. पट्टी खाली झुकती हाय ना. अन् माणूस पायावरच चालते, बाई. अजून काय पाहाचं त्याचं?”

“पट्ट्या उलट्या बसवल्या तं?”

“तं आभाळ दिसन, पावसाचं पानी घरात येईन अन् मालक माह्या नावानं बोंब मारतीन.”

प्रयागबाई हसली. किती दिवसांनी तिला स्वतःचं हसू ऐकू आलं.

“अन् बाहेरच्याले आतलं दिसते?”

“कायले दिसते! बाहेर ऊन, आत अंधार. बाहेरून नुसतं लाकूड. तुमी मजेत बसा अन् साऱ्या गावाचे पाय मोजा.”

तिने ते ऐकलं आणि तिला बरंच वाटलं. तिच्या मनात रंगूचे पाय होते. डाव्या पायाचं एक बोट शेजारच्या बोटावर चढलेलं, घोट्यावर कढत पाणी सांडल्याचा डाग. आता नवरा खोलीत निजणार, खिडकी मिटणार, हे टळत नव्हतं. निदान पाय दिसतील. तेवढ्यावर भागवू, असं तिने ठरवलं.

“झिलमिल लाव,” ती म्हणाली.

आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी झडपा बसल्या. खोली खरोखर निवली. अंधारात कवेलूंच्या फटीएवढाही उजेड राहिला नाही. फक्त पट्ट्यांच्या मधून राखेच्या रंगाच्या बारीक रेघा येत. दौलतराव खाटेवर पडले आणि कितीतरी दिवसांनी त्यांचं कण्हणं थांबलं. प्रयागबाई खाली, खिडकीशी बसून त्यांना पंखा घालत होती. दुसऱ्या हातात तिने एक टोपडं लपवून ठेवलं होतं. रंगूने नाक मुरडलेल्या त्याच खणाचं. मुद्दाम.

गल्लीत पावलं वाजली. फटीत ते पाय आले, तो डाग आला. घागर दगडावर टेकली. पाय खिडकीकडे वळले.

प्रयागबाईने हसून टोपडं वर धरलं.

पाय तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग तिच्या लक्षात आलं, की आपला हात अंधारात आहे. आपलं हसूही अंधारात आहे. रंगूसमोर नवं कोरं लाकूड आहे, बस.

दुसऱ्या दिवशी रंगू आली आणि हलकेच खोकली. प्रयागबाईच्या बांगड्या किणकिणल्या, तिने त्या चटकन मुठीत दाबल्या. खाटेवरून आवाज आला, “काय हाय?”

“काही नाही. निजा तुमी.”

तिसऱ्या दिवशी तिने भीत भीत विचारलं, “अवो, एक झडप थोडी उघडू का?”

“उघड,” दौलतराव डोळ्यांवर हात ठेवून म्हणाले, “अन् मले मारून टाक.”

ती उठून कडीशी गेलीही होती. पण झडप किलकिली झाली तरी उजेड नेमका त्यांच्या तोंडावर येणार होता. हाक मारावी तर आण. कुणाच्या हाती निरोप द्यावा, तर तो विहिरीवर पोचायच्या आत चावडीवर पोचला असता. ती परत खाली बसली आणि फटीतून पाहत राहिली. रोज पाय थोडे कमी वेळ थांबत. सहाव्या दिवशी घागर दगडावर टेकलीच नाही. आठव्या दिवशी पाय न थांबता गेले. नंतर आलेच नाहीत.

तिला कळत होतं रंगूला काय वाटलं असेल. मी कैरी दाखवली, आणि जाऊबाईने खिडकी लावून घेतली. वांझ बाईला दुसरीचं सुख पाहवलं नाही. रंगू असं म्हणणारी नव्हती, पण दुसरं काय समजायचं तिने?

पाऊस लागला, दौलतरावांचं डोकं उतरलं, झडपा उघडल्या. तेव्हा रंगू बाळंतपणाला शेलूबाजारला माहेरी गेली होती. भादव्यात तिला मुलगा झाला. शेजारच्या जमनाबाईने सांगितलं म्हणून कळलं. शालिग्रामने गल्लीत घरोघर साखर वाटली, एक घर सोडून. माघात रंगू लेकराला घेऊन परत आली. प्रयागबाई झडपा सताड उघड्या टाकून दुपारभर खिडकीत बसे. पण शालिग्रामने परसात विहीर खोदली होती, आणि रंगूला इकडून यायचं कारण उरलं नव्हतं.

चैत्र आला तसं डोकं परत उठलं आणि झिलमिल मिटली. त्याच सुमारास जमनाबाई म्हणाली, “शालिग्रामच्या विहिरीनं तळ दाखवला म्हनते. आता हिंडा म्हना घागर घेऊन.”

प्रयागबाईने त्या दिवशी ट्रंकेतून जुनं हिरवं लुगडं काढून नेसलं. त्याचा पदर एकदा खिळ्याला अडकून फाटला होता, तो रंगूनेच शिवला होता, मोठमोठे वेडे टाके घालून. दुपारी नवरा निजल्यावर तिने केरसुणीची काडी घेतली आणि पदराचं टोक पट्ट्यांच्या फटीतून हळूहळू बाहेर सारलं. वीतभर गेलं. आत ती पदराला बांधल्यासारखी बसून राहिली, एका हाताने पंखा घालत.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पावलं वाजली, जडशी, घाईची. डाग दिसला. पाय निंबापुढून निघून गेले, चार पावलं गेले असतील, आणि थांबले.

मग परत आले.

घागर खाली मातीत टेकली. दगड मोकळाच होता. त्या दगडावर दोन इवले पाय उतरले. धड उभे राहत नव्हते, गुडघ्यात दुमडत होते. बांगड्यांचे दोन हात त्यांना धरून होते. एका हाताने तो पाय वर उचलला, खिडकीकडे केला. गुलाबी तळव्यावर काजळाची तीट होती, एवढीशी.

प्रयागबाईचा पंखा थांबला.

पाय दगडावरून उचलले गेले. मोठे पाय जवळ आले, आणखी जवळ, आणि भिंतीशी आल्यावर फटीतून दिसेनासे झाले. पदराला ओढ लागली. रंगूची नव्हती ती. धसमुसळी होती, सोडून परत धरणारी. प्रयागबाईने खांदा हलवला नाही. बाहेर कुणी बोललं नाही, आत कुणी बोललं नाही.

“पंखा काहून थांबला?” दौलतराव कूस बदलत म्हणाले.

“हात दुखला,” ती म्हणाली आणि पंखा हलवू लागली.

ओढ सुटली. पाय फटीत आले, घागर उचलली गेली, गल्ली रिकामी झाली. तिने पदर सावकाश आत घेतला. टोकाचे टाके ओले होते. लेकराने चोखले होते. ते टोक तिने मुठीत घट्ट धरलं. पण चैत्रातली दुपार होती ती. तेवढी ओल वाळायला कितीसा वेळ लागणार.