गाळलेली हालचाल

फाइलीत वीस हजार चित्रं होती. प्रत्येकात एकाच प्रथिनाचे दोन हजार सहाशे एक्केचाळीस अणू. दहा पिकोसेकंदांना एक चित्र, म्हणजे एकूण दोनशे नॅनोसेकंदांची हालचाल, संगणकाने गणित करून काढलेली.

या प्रथिनाला एक खाच आहे आणि खाचेच्या तोंडाशी दारासारखी एक साखळी. ते दार उघडतं, म्हणून औषधाचा रेणू आत जाऊ शकतो, असा कालिंदीच्या प्रबंधातला चौथा अध्याय होता. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. दार किती वेळा उघडतं, एवढं मोजायचं राहिलं होतं.

कच्च्या फाइलीत अणू इतके थरथरत की काही कळत नसे. एमएस्सी करून नुकतीच लॅबमध्ये आलेल्या ऋताने ती गाळली. जलद कंपनं काढली, संथ हालचाल ठेवली.

"कसं चिकनं, गुळगुळीत झालंय गं," कालिंदी म्हणाली. "आधी थंडी वाजून आलेल्या पेशंटसारखं दिसत होतं. पण या मिथाइलचे तिन्ही हायड्रोजन एकमेकांत का शिरलेत?"

"ते गरगर फिरतात ना, ताई. सरासरी काढली की मधोमध येतात. गाळल्यावर तसं होतंच."

मग ऋताने त्याच फाइलीवर दार मोजलं. एकदाही उघडलं नव्हतं. कालिंदीने तिला पुन्हा मोजायला लावलं.

"जाऊ दे. परीक्षकांपुढे हसं नको." कालिंदीने तो अध्याय काढून टाकला. डिस्क भरत आली होती. गाळलेली फाइल झाली की कच्ची पुसायची, ही लॅबची पद्धत. तिने ती पुसली. शुक्रवारी प्रबंध गेला.

रविवारी ऋताच्या भावाने, कुशलने, काशीच्या भोसले घाटावर काढलेला फोटो दाखवला.

"दीदी, ये देख. शटर तीस सेकंद उघडं ठेवलं. घाट एकदम खाली, कोणीच नाही."

दगडाच्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. "माणसं नव्हती?"

"भरपूर होती. पंडे, यात्री, तुझे ते नागपूरवाले काकासुद्धा. कोणी एका जागी टिकलं नाही, तर फोटोत कसं येणार?"

ऋताने चहाचा कप खाली ठेवला.

सोमवारी तिने कालिंदीला सांगितलं, दार क्षणभर उघडून मिटत असेल तर कंपनांबरोबर तेही गाळलं गेलं असणार. कालिंदीने गाळलेली फाइल पुन्हा उघडली.

"हायड्रोजनचं तुला माहीत होतं."

"हो. दाराचं मनात आलं नाही."

"माझ्याही नाही. आणि पुसली मीच." ती उठून खिडकीशी गेली. "चार वर्षं मला वाटत होतं, ते उघडतं."

प्रबंध परीक्षकांकडे पोचला होता. त्यात आता काही घालता येणार नव्हतं. तरी मशीन मोकळं मिळाल्यावर दोघींनी त्याच सुरुवातीपासून गणित पुन्हा चालवलं आणि या वेळी न गाळता मोजलं.

दोनशे नॅनोसेकंदांत दार एकशे सेहेचाळीस वेळा उघडलं, प्रत्येक वेळी सरासरी चाळीस पिकोसेकंद, म्हणजे जेमतेम चार चित्रं.